मुंबईत पहिलं लायसन्स: स्कूटर आणि कार एकदम काढावं का, टेस्टला नेमकं काय बघतात?

नवशिकी_भांडुप

वय २२, राहायला भांडुप पश्चिम. घरी बिनगिअरची स्कूटर आणि ऑटोमॅटिक हॅचबॅक आहे. आजवर सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. दोन्ही गाड्यांचं लायसन्स हवं आहे. जाणकारांना विचारायच्या गोष्टी अशा:

दोन्ही वर्गांचा अर्ज एकत्र करावा की वेगवेगळा? आधारवर अजून साताऱ्याचा पत्ता आहे, त्याने अडेल का? मोटर ट्रेनिंग स्कूल लावणं गरजेचं आहे का, की घरच्या गाडीवर शिकून थेट टेस्ट देता येते? ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर पुढे गिअरची गाडी चालवता येणार नाही, असं एकाने सांगितलं, ते खरं का? आणि टेस्टमध्ये लोक नापास होतात ते नेमकं कशामुळे?

वडाळा_खिडकी

आधी तारखांचं गणित समजून घ्या, कारण बरीचशी धावपळ तिथूनच सुरू होते. शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून ६ महिने चालतं. पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. म्हणजे हातात साधारण पाच महिन्यांची खिडकी उरते, आणि त्यातच शिकणं, स्लॉट (टेस्टची ठरलेली तारीख-वेळ) मिळणं आणि नापास झाल्यास पुन्हा देणं, सगळं बसवायचं असतं. मुदत संपली की शिकाऊ लायसन्स पुन्हा नव्याने काढावं लागतं, लेखी परीक्षेसकट. म्हणून परीक्षा, लग्नसराई किंवा गावी जाणं तोंडावर असेल तर अर्जच उशिरा करा. शिकायला रोज अर्धा-पाऊण तास मोकळा मिळणार असेल तेव्हाच शिकाऊ लायसन्स काढण्यात अर्थ आहे.

दोन्ही वर्ग एकाच अर्जात टाका. तुमची स्कूटर बिनगिअरची आहे, पण पुढेमागे मोटरसायकल चालवायची थोडी जरी शक्यता वाटत असेल तर आत्ताच 'गिअरसह मोटरसायकल' हा वर्ग निवडा. 'बिनगिअर' वर्गावर मोटरसायकल चालवता येत नाही. फक्त हे लक्षात ठेवा की गिअरचा वर्ग निवडला तर टेस्टलाही गिअरचीच दुचाकी न्यावी लागते, तिथे स्कूटर चालणार नाही. कारचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १० मध्ये 'हलकं मोटार वाहन' हा एकच वर्ग आहे, त्यात ऑटोमॅटिक आणि गिअर असे भाग पाडलेले नाहीत. तुम्हाला सांगितलेली गोष्ट दुचाकीला लागू होते, कारला नाही.

आता आधार. सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर आधार ई-केवायसीने (म्हणजे ओटीपीने ऑनलाइन ओळख पटवून) अर्ज केला तर शिकाऊ लायसन्ससाठी आरटीओत जावंच लागत नाही, परीक्षा घरबसल्या कॅमेऱ्यासमोर होते. महाराष्ट्रात ही सोय जून २०२१ पासून आहे. पण या मार्गाने नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो आधारवर आहेत तसेच अर्जात येतात. पत्ता साताऱ्याचा असेल तर लायसन्सवरही साताराच येईल आणि कार्ड पोस्टाने तिकडेच जाईल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही लायसन्स प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यामुळे साताऱ्याच्या पत्त्यामुळे अर्ज अडणार नाही. तरी माझा आग्रह असा की आधी आधारवरचा पत्ता बदला. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार पुरावा म्हणून चालतो. लायसन्सवरचा पत्ता नंतर बदलायचा म्हणजे वेगळा अर्ज, वेगळी फी आणि नवं कार्ड.

नावही नीट बघा. एका कागदावर पूर्ण मधलं नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनाव आधी, असं आपल्याकडे सर्रास असतं. शिकाऊ लायसन्सवर जे छापून येतं तेच पक्क्यावर उतरतं, म्हणून दुरुस्ती या पायरीआधीच करून घ्यावी. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही आणि ई-केवायसी तिथेच थांबेल. तो जोडायचा नसेल तर बिगर-आधार मार्ग आहे: कागदपत्रं अपलोड करायची, स्लॉट घ्यायचा आणि आरटीओत जाऊन संगणकावर परीक्षा द्यायची.

भांडुपला वडाळ्याचं कार्यालय लागतं, एमएच ०३. मुंबईतली बाकीची तीन म्हणजे ताडदेव ०१, अंधेरी ०२ आणि बोरिवली ४७.

फी केंद्रीय नियमांत ठरलेली आहे. शिकाऊ लायसन्स दर वर्गाला १५० रुपये, त्याची परीक्षा ५० रुपये, पक्क्याची वाहन चाचणी दर वर्गाला ३०० रुपये आणि लायसन्स देण्याचे २०० रुपये. पेमेंटच्या पानावर जो एकूण आकडा येईल तोच भरायचा. कोणी 'सगळं मिळून' म्हणून रक्कम सांगितली तर हे आकडे समोर ठेवून विचारा की उरलेले पैसे कशाचे. आणि पत्त्यात 'परिवाहन डॉट गव्ह डॉट इन' नसेल त्या वेबसाइटवर आधार क्रमांक टाकू नका. हुबेहूब तशी दिसणारी खासगी पानं पुष्कळ आहेत.

लेखी परीक्षेत १५ पैकी ९ उत्तरं बरोबर लागतात, म्हणजे ६० टक्के. त्याआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा, निळा गोल म्हणजे सक्ती, त्रिकोण म्हणजे पुढच्या धोक्याची सूचना, आयत म्हणजे माहिती. एवढी विभागणी डोक्यात पक्की असली तर अनोळखी चिन्हाचं उत्तरही बहुतेक वेळा काढता येतं. उलटा त्रिकोण म्हणजे 'रस्ता द्या' आणि अष्टकोन म्हणजे 'थांबा', हे दोन अपवाद वेगळे पाठ करा. चढाच्या अरुंद रस्त्यावर वर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, या प्रश्नात बरेच जण चुकतात.

हाफक्लच

स्कूलबद्दल. कायद्याने सक्ती नाही. पण मुंबईत पहिले आठ-दहा तास दुहेरी नियंत्रणाच्या गाडीतच काढावेत, असं माझं ठाम मत आहे. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. एलबीएस मार्गावर समोरून रिक्षा आडवी आली की तो ब्रेक किती मोलाचा, ते वेगळं सांगायला नको. घरच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या हाताशी फक्त हँडब्रेक असतो, आणि आता बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत तोही दांडा नसून बटण असतं.

स्कूल निवडताना दिवस मोजू नका, तास मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ३१ प्रमाणे खासगी वाहनांचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास हवं. प्रत्यक्षात '२० दिवस, रोज अर्धा तास' असं विकलं जातं, पण त्या अर्ध्या तासात आधीच्या शिकणाऱ्याला घरी सोडणं आणि पुढच्याला घेणंही बसवलेलं असतं. प्रत्येक शिकणाऱ्याच्या तासांची नोंद स्कूलला फॉर्म १५ मध्ये ठेवावी लागते. ती बघायला मागा आणि सही करण्याआधी तास पडताळा. दुसरं, शिकवणारा स्वतःच्या पेडलवर पाय ठेवून क्लच सांभाळत असेल तर स्पष्ट सांगा की पाय काढा. नाहीतर तुम्ही फक्त स्टिअरिंग शिकता, आणि टेस्टच्या दिवशी पहिल्याच चढावर गाडी बंद पडते.

टेस्ट ऑटोमॅटिकवर द्यायची असली तरी गिअरची गाडी शिका. स्कूलची गाडी बहुधा गिअरचीच असते आणि लायसन्सने दोन्ही चालवता येणार आहेत.

क्लचचं नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गाड्या तिथेच बंद पडतात. क्लच हळू सोडत आणलात की एका जागी इंजिनचा आवाज खोल जातो, बॉनेट किंचित वर येतं आणि गाडीला बारीक थरथर जाणवते. हाच हाफ क्लच. या जागी पाय स्थिर धरून दोन सेकंद थांबायचं, मग उरलेला क्लच सोडायचा. गाडी बंद पडते ती या बिंदूनंतर पाय झटकन सुटतो म्हणून: इंजिन संथ फिरत असतं आणि संपूर्ण गाडीचं वजन त्याच्यावर एकदम येतं. सीएनजीवर इंजिनाचा जोर पेट्रोलपेक्षा थोडा कमी असतो, म्हणून तिथे अॅक्सिलरेटर जरासा जास्त लागतो. स्कूलची गाडी सीएनजी आणि घरची पेट्रोल असेल तर हा फरक पहिल्या दिवशी नक्की जाणवेल. पहिले दोन दिवस अॅक्सिलरेटरला हातही न लावता, सपाट जागी, नुसत्या क्लचवर गाडी हलवायचा आणि थांबवायचा सराव करा. पायाला बिंदू सापडला की बाकी सगळं वेगाने येतं.

चढावर: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा अॅक्सिलरेटर, क्लच बिंदूपर्यंत आणायचा. गाडीचा मागचा भाग किंचित खाली दबल्यासारखा वाटला की मग हँडब्रेक सोडायचा. उलट क्रमाने केलं की गाडी मागे घसरते. हे फ्लायओव्हरच्या गर्दीत पहिल्यांदा करून बघू नका. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर, मागे कोणी नसताना, पाच-सहा वेळा जमवा.

टेस्टमध्ये बघतात त्या गोष्टी नियम १५ मध्येच लिहिलेल्या आहेत, आणि त्यातल्या काही गाडी हलण्याआधीच्या आहेत. सीट, आरसे, बेल्ट, गिअर न्यूट्रलला आहे ना हे हलवून बघणं, मग स्टार्ट. निघताना उजवा इंडिकेटर, आरसा, आणि मान वळवून उजव्या खांद्यावरून एक नजर. ही नजर मुद्दाम दिसेल अशी टाका, कारण नुसती बुबुळं फिरवलेली शेजारच्या निरीक्षकाला कळत नाहीत. पुढे गिअर बदलताना खाली न बघणं, वळणाआधी वेग कमी करणं, सांगितलेल्या जागी कडेला थांबणं आणि ठरावीक जागेत रिव्हर्स घेणं.

रिव्हर्समध्ये नापास होण्याचं मुख्य कारण वेग. सपाट जागी अॅक्सिलरेटर लागतच नाही, हाफ क्लचवर गाडी माणसाच्या चालीने मागे येते. दुसरं, मागे जाताना गाडी मागच्या चाकांभोवती वळते आणि पुढचं नाक विरुद्ध बाजूला बाहेर फेकलं जातं. लोक मागची बाजू सांभाळतात आणि पुढच्या कोपऱ्याने खांब पाडतात. म्हणून स्टिअरिंग थोडं थोडं, लवकर फिरवायला सुरुवात करायची आणि मध्ये एकदा तरी पुढचे कोपरे बघायचे. गोंधळ झाला तर पूर्ण थांबा. थांबल्याने काही बिघडत नाही, चालत्या गाडीत विचार करत बसल्याने बिघडतं.

हाताच्या खुणाही विचारतात. उजवीकडे वळताना हात सरळ बाहेर, तळवा पुढे. डावीकडे वळताना उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. वेग कमी करताना तळवा खाली ठेवून हात वरखाली.

आठचा_आकडा

दुचाकीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. स्कूटर चालवायला सोपी असली तरी टेस्टमध्ये 'आठ' काढताना, म्हणजे पाय न टेकता आठच्या आकारात फिरवताना, ती मोटरसायकलपेक्षा सहज डगमगते, कारण चाकं लहान आणि हळू वेगात धरून ठेवायला क्लच नाही. थ्रॉटल (उजव्या मुठीतला अॅक्सिलरेटर) अगदी थोडा पण सतत उघडा ठेवायचा आणि वेग डाव्या हाताच्या मागच्या ब्रेकने धरायचा. थ्रॉटल सोडला की तोल जातो आणि पाय टेकतो. पाय टेकला की बहुतेक तिथेच संपतं. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरमध्ये एकत्रित ब्रेक असतो, म्हणजे डावा लिव्हर दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. म्हणून लिव्हर जोरात दाबायचा नाही, नुसता हलका ओढून ठेवायचा. हँडल वळलेलं असताना उजवा ब्रेक कधीच नाही, गाडी जागच्या जागी आडवी होते.

नजर पुढच्या चाकावर ठेवू नका. वळणाचा पुढचा भाग बघा, गाडी नजरेमागे जाते. सरावासाठी जमिनीवर खडूने दोन वर्तुळं काढा, आधी मोठी आणि मग हळूहळू लहान. डावं वळण बहुतेकांना सोपं जातं आणि उजवं जड, कारण उजव्या वळणात थ्रॉटलचं मनगट मुडपतं. म्हणून सराव उजवीकडून सुरू करा. पावसाळ्यात रंगवलेल्या पट्ट्यावर टायर घसरतो, तिथे गाडी तिरकी असताना ब्रेक टाळायचा.

हेल्मेट आयएसआय खुणेचं, पट्टा लावलेलं. टेस्टला हेल्मेटशिवाय उभंच करत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

नवशिकी_भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. आधारचा पत्ता आधी बदलून घेते. आणखी तीन शंका. एक एजंट म्हणतो की २०२४ पासून स्कूलचं प्रमाणपत्र असलं की आरटीओची टेस्ट लागत नाही, खरं का? घरच्या गाडीवर सराव करताना बाबा शेजारी बसले तर पुरे का? आणि पैसे कापले जाऊन अर्जावर 'पेंडिंग' दिसलं तर काय करायचं?

नियमपुस्तक

पहिली गोष्ट अर्धवट ऐकलेली आहे. ज्यांना टेस्टमधून सूट मिळते ती 'मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रं' आहेत, आणि त्यांचे नियम २०२१ पासूनचे आहेत. त्यांना स्वतःचा ट्रॅक, सिम्युलेटर वगैरे लागतं आणि हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा असतो, ८ तास वर्गात आणि २१ तास प्रत्यक्ष. तिथून मिळणाऱ्या फॉर्म ५बी वर सूट आहे. नाक्यावरच्या नेहमीच्या मोटर ट्रेनिंग स्कूलच्या फॉर्म ५ वर नाही. एजंटला एवढंच विचारा की प्रमाणपत्र ५ की ५बी, उत्तर लगेच कळेल.

दुसरं: बाबांकडे कारचं वैध लायसन्स असेल तर ते चालतात. नियम ३ प्रमाणे शिकवणाऱ्याने गाडीवर ताबा मिळवता येईल किंवा ती थांबवता येईल अशा जागी बसायला हवं, म्हणजे शेजारच्या सीटवर, मागे नाही. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. पाटी किमान १८ सेंमी चौरस. अक्षर किमान १० सेंमी उंच, २ सेंमी जाड आणि तळाशी ९ सेंमी रुंद. नुसता लाल टेपचा एल मागच्या काचेवर चिकटवून भागत नाही. शिकाऊ लायसन्स जवळ ठेवा. स्कूटरवर मागे कोणाला बसवायचंच असेल तर शिकवणारी, त्या वर्गाचं लायसन्स असलेली व्यक्तीच. मैत्रिणीला स्टेशनला सोडणं यात बसत नाही.

लायसन्सशिवाय चालवलं तर कलम १८१ खाली ५,००० रुपये, आणि ज्याने गाडी दिली त्या मालकाला कलम १८० खाली वेगळे ५,०००. घरच्या गाडीत दोन्ही दंड एकाच घरावर पडतात. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न हाच येतो की चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स होतं का आणि शेजारी कोण होतं.

दुचाकीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू आणि जे. जे. फ्लायओव्हर, या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. नकाशाचं अॅप कारच्या मोडवर राहिलं की ते सरळ फ्रीवेवर नेऊन सोडतं. आधी मोड बदला.

वडाळा_खिडकी

पेंडिंगचं: लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. सारथीवर फीच्या भागात पेमेंटची स्थिती पडताळायचा पर्याय आहे. तिथे अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकून तपासा. बँकेकडून पुष्टी यायला वेळ लागला की असं दिसतं, बहुधा काही वेळाने आपोआप सुटतं. अर्ज क्रमांक आणि पावती दोन्ही जपून ठेवा.

स्लॉट ३० दिवस झाल्या झाल्या बघायला लागा, पण तारीख अशी घ्या की तेव्हा तुमचे दहा तास पूर्ण झालेले असतील. लवकरची तारीख मिळतेय म्हणून कच्च्या तयारीने जाणं महागात पडतं. नापास झालात तर पुढची संधी ७ दिवसांनंतर आणि फी पुन्हा. तीनदा नापास झालात तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं, आणि तोवर शिकाऊ लायसन्सची मुदत संपायला आलेली असू शकते.

त्या दिवशी गाडीचे कागद गाडीच्या नावावर चालू हवेत: आरसी (नोंदणी), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणी). गाडी तुमच्या नावावर असायची गरज नाही, पण पीयूसी कालच संपलेली निघाली तर टेस्टविनाच परत फिरावं लागतं. आदल्या आठवड्यातच तिन्ही तारखा बघा. गाडीला एलच्या पाट्या लावलेल्या असू द्या आणि गाडी तिथवर आणायला लायसन्सवाला सोबत हवाच. स्कूटर आणि कार दोन्हींची टेस्ट एकाच दिवशी असेल तर दोन्ही गाड्या हजर लागतात, म्हणजे दोन माणसं सोबत धरा.

चष्मा असेल तर घालूनच जा. फॉर्म १ मध्ये तुम्ही स्वतः लिहून देता की दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते, आणि लाल-हिरवा रंग ओळखता येतो. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो, तुम्हाला नाही.

पास झालात की कार्ड स्पीड पोस्टने लायसन्सवरच्या पत्त्यावर येतं. भांडुपसारख्या ठिकाणी विंग, खोली क्रमांक आणि जवळची खूण पत्त्यात नसेल तर पाकीट परत आरटीओकडे जातं, आणि ते शोधायला पुन्हा वडाळा गाठावं लागतं. तोवर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अॅपमधली प्रत दाखवली तर ती कायद्याने ग्राह्य आहे. तुमचं वय तिशीच्या आत असल्याने लायसन्स चाळिशीपर्यंत चालेल. कार्ड हातात आलं की त्यावर दोन्ही वर्ग छापले आहेत ना, एवढं त्याच दिवशी तपासा. एखादा वर्ग राहिला असेल तर पावत्या हाताशी असतानाच दुरुस्ती मागणं सोपं जातं.